ब्रिटनमधला मेडिकल स्कूलचा इंटरव्ह्यू: घरच्यांनी मुलांची तयारी कशी करून घ्यावी

महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्या पिढीला मेडिकलची ॲडमिशन म्हणजे मार्क आणि मेरिट लिस्ट एवढंच ठाऊक. आजही तिथे नीटचा स्कोअर आणि कॅप राउंड यांवरच सगळं ठरतं. पुण्याचं एएफएमसी सोडलं, तर ‘तुला डॉक्टर का व्हायचंय’ असं समोर बसवून कुणी विचारत नाही. त्यामुळे इथे ब्रिटनमध्ये आपली मुलं मेडिसिनसाठी अर्ज करतात, तेव्हा आपण सवयीने मार्कांच्या मागे लागतो. ए लेव्हलचे (इथल्या बारावीचे) अंदाजित ग्रेड आणि यूकॅट या प्रवेश चाचणीचा स्कोअर मुलांना इंटरव्ह्यूच्या दारापर्यंत नेतात. बऱ्याच ठिकाणी पुढचा निकाल प्रामुख्याने इंटरव्ह्यूवर लागतो.

हा लेख मी आईबाबांसाठी लिहितेय. इथे वाढलेली मुलं मराठी लेख वाचतीलच असं नाही, आणि तयारीतला मोठा भाग घरातच होण्यासारखा आहे. भारतातून अर्ज करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा थोड्या असतात आणि फी फार जास्त, हे मात्र धरून चाला. इंटरव्ह्यू ऑनलाइन असेल तर हिवाळ्यात ब्रिटनमधल्या सकाळच्या दहाला भारतात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात.

आधी वेळापत्रक

यूकॅट परीक्षा जुलै ते सप्टेंबरमध्ये होते. यूकासचा, म्हणजे सगळ्या विद्यापीठांसाठीचा सामाईक अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो आणि मेडिसिनसाठी जास्तीत जास्त चार ठिकाणं निवडता येतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे इंटरव्ह्यू साधारण डिसेंबरमध्ये उरकतात, बाकीचे नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत चालतात. बोलावणं आल्यावर हातात कधीकधी जेमतेम दोन आठवडे असतात. म्हणून आमंत्रणाची वाट न पाहता अर्ज गेला की लगेच, ऑक्टोबरच्या अर्धसत्राच्या सुट्टीत, तयारीला लागावं. त्याच सुमारास दिवाळी येते आणि नातेवाईक घरी असतात. त्याचा उपयोग पुढे सांगते.

इंटरव्ह्यू कोणत्या प्रकारचा, हे शोधा

आता बहुतेक ठिकाणी एमएमआय असतो, म्हणजे एका मोठ्या मुलाखतीऐवजी सहा ते दहा छोटी ‘स्टेशन्स’. प्रत्येक स्टेशनवर पाच ते आठ मिनिटं. आत जाण्यापूर्वी मिनिट-दीड मिनिट प्रश्न वाचायला मिळतो, मग घंटा वाजते. एका स्टेशनवर नैतिक पेच, दुसऱ्यावर आकडेमोड, तिसऱ्यावर एखादा अभिनेता रागावलेला शेजारी होऊन बसलेला.

ही पद्धत या शतकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात निघाली. एका पॅनेलचं मत त्या पॅनेलच्या आवडीनिवडीवर फार अवलंबून असतं. दहा वेगळ्या माणसांनी दहा छोटे नमुने पाहिले तर एखाद्याच्या लहरीचा परिणाम कमी होतो, असा त्यामागचा विचार. मुलांना हे कारण जरूर सांगा, कारण त्यांच्या फायद्याची गोष्ट त्यातच आहे. तिसऱ्या स्टेशनवर फजिती झाली तरी चौथ्या स्टेशनवरच्या परीक्षकाला त्याचा पत्ताही नसतो. घंटा वाजली की मागचं मागे टाकायचं, याचाही सराव लागतो.

काही ठिकाणी अजून पॅनेल असतं: दोन-तीन माणसं, वीस-तीस मिनिटं. तिथे अर्जावरचे आणि अनुभवांवरचे प्रश्न जास्त, आणि एकाच धाग्यावर खोलात जाणं आलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा मामला निराळाच. तिथे तो जवळपास एक छोटा तासच असतो. उंदराचं हृदय हत्तीच्या हृदयापेक्षा इतकं भराभर का धडधडतं, असं काहीतरी विचारतात आणि मूल अडलं की इशारे देत पुढे नेतात. बरोबर उत्तरापेक्षा इशारा मिळाल्यावर ते विचार कसा वळवतं, हे पाहायचं असतं. अशा ठिकाणासाठी बाकीची तयारी थोडी बाजूला ठेवून जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र मोठ्याने बोलत सोडवायला लावा.

प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर इंटरव्ह्यूचं स्वरूप दिलेलं असतं. ते वाचून चार ठिकाणांसाठी चार कागद करा. त्याच कागदावर अभ्यासक्रमाची पद्धतही लिहा. मँचेस्टरला गटात बसून रुग्णाच्या समस्येवरून शिकणं, केंब्रिजला आधी तीन वर्षं विज्ञानावर भर, असे फरक असतात. ‘आमच्याकडेच का?’ या प्रश्नाला ‘विद्यापीठ फार नावाजलेलं आहे’ हे उत्तर चालत नाही.

अनुभवांची वही

आपल्या घरांमध्ये इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. वर्क एक्स्पीरियन्स म्हणजे ओळखीच्या कन्सल्टंटच्या मागे ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहणं, असं लोकांना वाटतं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखी शोधणं सुरू होतं. मेडिकल स्कूलना थिएटर पाहिलेलं मूल हवं असतं असं नाही. केअर होममध्ये दर शनिवारी चहा देणं, दुकानात काउंटरवर उभं राहणं, घरच्या आजारी माणसाची काळजी घेणं, यांतलं काहीही चालतं. परीक्षक पाहतात ते मुलाने त्यातून काय टिपलं.

म्हणून एक वही करायला सांगा. प्रत्येक प्रसंगासाठी चार ओळी: काय घडलं, मी नेमकं काय पाहिलं, मला काय वाटलं, त्यानंतर माझ्या वागण्यात किंवा मतात काय बदललं. यातली चौथी ओळ सर्वांत अवघड, आणि मुलं नेमकी तीच गाळतात. ‘टीमवर्क महत्त्वाचं असतं हे कळलं’ अशी ओळ दिसली की ‘कसं कळलं? त्या दिवशी कोण काय म्हणालं?’ असं विचारत राहा. वॉर्डातल्या नर्सने डॉक्टरला डोसबद्दल हटकलं आणि डॉक्टरने आभार मानून चार्ट पुन्हा पाहिला, इतकं बारीक सापडलं की मग ते उत्तर कामाचं.

आपल्या मुलांकडे एक अनुभव हमखास असतो आणि तो त्यांना सांगण्यासारखा वाटतच नाही. भारतातून आलेल्या किंवा इथे राहणाऱ्या आजीला जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नेऊन मराठी-इंग्रजी दुभाषाचं काम करणं. त्यात किती गोष्टी आहेत पाहा. आजीने नातवासमोर लघवीचा त्रास सांगायला टाळलं. नातवाने ‘थोडं दुखतं’चं भाषांतर करताना डॉक्टरांचा अर्धा प्रश्न गाळला. डॉक्टर आजीऐवजी नातवाकडेच पाहून बोलत राहिले. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, घरच्यांऐवजी व्यावसायिक दुभाषा घ्यायला सांगते, तेही याच कारणांसाठी. ज्याने हा अनुभव घेतलाय, त्याला गोपनीयता म्हणजे काय हे पुस्तकातून पाठ करावं लागत नाही. मी मित्रमंडळींच्या मुलांचे सराव इंटरव्ह्यू घेते, तेव्हा हा प्रश्न मुद्दाम काढते. बहुतेकांचा चेहरा तिथे पहिल्यांदा मोकळा होतो.

‘डॉक्टर का व्हायचंय?’

हा प्रश्न येणारच. तीन उत्तरं परीक्षकांनी इतकी ऐकलेली असतात की ती कानावरून निघून जातात: मला लोकांची सेवा करायचीय, मला विज्ञान आवडतं, आणि आमच्या घरात सगळे डॉक्टर आहेत. सेवा तर नर्स, फिजिओ, पॅरामेडिक सगळेच करतात. खरा प्रश्न असा की यांतलं काही न होता डॉक्टरच का? त्याच्या उत्तरात निदानाची जबाबदारी, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, आयुष्यभर शिकत राहणं अशा गोष्टी याव्यात, आणि प्रत्येकीला वहीतला एक प्रसंग जोडलेला असावा. नर्सिंगला कमी लेखणारा शब्द मात्र चुकूनही येऊ नये.

आईवडील डॉक्टर असतील तर ते लपवू नका. पण त्या घरातून मुलाने काय पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगू द्या: नाइट ड्युटीनंतरची चिडचिड, हुकलेला वाढदिवस, तक्रार आल्यावरचे महिने. या व्यवसायाची दुसरी बाजू माहीत असून यायचं म्हणणारं मूल जास्त खरं वाटतं.

नैतिक पेच: इथे जास्त वेळ द्या

चार तत्त्वं सगळी मुलं पाठ करून येतात: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याला अपाय न करणं आणि न्याय. ती नुसती म्हणून दाखवली तर काही मिळत नाही. प्रसंगात ती एकमेकांशी कुठे भांडतात, हे दाखवावं लागतं.

नेहमीचं उदाहरण घेऊ. चौदा वर्षांची मुलगी जीपीकडे गर्भनिरोधक गोळ्या मागते आणि आईला सांगू नका म्हणते. आपल्याकडच्या मुलाची पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘आईला सांगायला हवं’ अशी असते, कारण घरात तेच ऐकलेलं. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यापासून चित्र वेगळं आहे. सोळाच्या आतल्या मुलीला उपचार आणि त्याचे परिणाम नीट समजत असतील, तर ती स्वतः संमती देऊ शकते. मग उत्तराचा क्रम असा: आधी तिच्याशी शांतपणे बोलायचं, आईला सांगायला तिचं मन वळवून पाहायचं, तिला समजतंय का ते तपासायचं. आणि जोडीदार कोण, किती वयाचा, जबरदस्ती तर नाही ना, हे विचारायचं. हा शेवटचा मुद्दा मुलं विसरतात. मुलीच्या सुरक्षिततेला धोका दिसला तर गोपनीयता मोडावी लागते. मुलगी तेराच्या आत असेल तर कायद्याने तिची शरीरसंबंधाला संमती धरतच नाहीत, त्यामुळे प्रकरण सुरक्षेच्या वाटेने पुढे न्यावंच लागतं.

दुसरं उदाहरण आपल्याच घरातलं. आजोबांना कॅन्सर निघालाय आणि मुलगा डॉक्टरांना म्हणतो, ‘त्यांना सांगू नका, ते खचतील.’ आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच झालंय, आणि प्रेमापोटीच झालंय. इंटरव्ह्यूत हा प्रसंग आला तर मूल दोन टोकांना जातं. एक तर कुटुंबाची बाजू घेतं, नाहीतर ‘रुग्णाचा हक्क आहे’ म्हणून मुलाला झटकून टाकतं. दोन्ही उत्तरं कच्ची. आधी मुलाला भीती कशाची वाटतेय, हे विचारायचं. मग समजावायचं की आजोबा सज्ञान आहेत, त्यांची निर्णयक्षमता शाबूत आहे, त्यामुळे डॉक्टर त्यांच्याशी खोटं बोलू शकत नाहीत. आजोबांच्या परवानगीशिवाय त्यांच्या आजाराची चर्चा मुलाशी करणंही योग्य नाही. पण आजोबांनाच विचारता येतं: तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, सोबत कोण हवंय? त्यांनी ‘तपशील मुलालाच सांगा’ म्हटलं, तर तोही त्यांचाच निर्णय. ज्याने हे घरात पाहिलंय, त्याने सांगावं. मात्र आपल्या घरात जे केलं तेच बरोबर, असा सूर नको.

असेच आणखी काही प्रसंग मुलांसोबत जेवताना चघळा. यहोवाज विटनेस पंथाचा रुग्ण रक्त घ्यायला नकार देतो. इथे २००५ चा मानसिक क्षमतेचा कायदा माहीत हवा: माहिती समजणं, लक्षात ठेवणं, तिचा तोल पाहणं आणि निर्णय कळवणं, या चार गोष्टी जमत असतील तर नकार शहाणपणाचा वाटला नाही तरी मानावा लागतो. फीट येणारा रुग्ण गाडी चालवणं सोडत नाही: आधी मन वळवायचं, मग त्याला सांगून डीव्हीएलएला, म्हणजे वाहन परवाना खात्याला, कळवायचं. सहकारी डॉक्टरच्या तोंडाला दारूचा वास येतो: पहिली काळजी रुग्णांची, म्हणून त्याला कामावरून बाजूला करायचं आणि वरिष्ठांना सांगायचं. पण तो स्वतः आजारी असू शकतो, हेही बोलायचं.

उत्तराच्या शेवटी निर्णय हवाच. ‘दोन्ही बाजू आहेत’ म्हणून थांबणारी हुशार मुलं इथे मार्क घालवतात.

अभिनेत्यासमोर

रोल प्लेच्या स्टेशनची भीती सगळ्यांना असते. शेजाऱ्याची मांजर तुझ्या गाडीखाली आली, आता त्याला सांग, असं काहीतरी असतं. मुलं घाईने बातमी टाकून देतात आणि लगेच उपाय सुचवू लागतात: नवी मांजर आणू या का? उलट करायचं. बसा म्हणायचं, वाईट बातमी आहे असं आधी सूचित करायचं, मग साध्या स्पष्ट शब्दांत सांगायचं आणि गप्प बसायचं. त्या शांततेत पाच सेकंद मुलाला अर्ध्या तासासारखे वाटतात. ते सहन करायला शिकवणं हाच सराव.

हा सराव आईबाबांसमोर होत नाही. आईसमोर मूल एक तर लाजतं नाहीतर वैतागतं. इथे दिवाळीतली पाहुणेमंडळी कामाला येतात. मावशी, आत्या, वरच्या वर्गात मेडिसिन करणारी शेजारची ताई. त्यांना भूमिका द्या आणि खरोखर भांडायला सांगा. हा सराव इंग्रजीतच हवा, कारण परीक्षेत शब्द इंग्रजीतच सुचले पाहिजेत.

मराठीचा उपयोग वेगळ्या स्टेशनला आहे. ‘एखादी अवघड गोष्ट सामान्य माणसाला समजावून सांग’ हे काम येतं, तेव्हा मुलांच्या तोंडून पाठ्यपुस्तक बाहेर पडतं. त्यांना नागपूरच्या किंवा साताऱ्याच्या आजीला फोन लावून रक्तदाब म्हणजे काय, अँटिबायोटिक सर्दीला का चालत नाही, हे मराठीत सांगायला लावा. मराठीत जड शब्द येतच नसल्यामुळे त्यांना साधं बोलावंच लागतं. आजी ‘म्हणजे काय रे?’ विचारते, ते परीक्षकापेक्षा कडक असतं. मग तेच इंग्रजीत सांगायचं.

एनएचएस आणि बातम्या

किमान इतकं पक्कं हवं. एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना. खर्च करातून आणि उपचार घेताना पैसे नाहीत, हे तिचं तत्त्व. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड इथला कारभार वेगवेगळा चालतो. कार्डिफच्या इंटरव्ह्यूत इंग्लंडचे नियम सांगून येऊ नये. नियोजित उपचारांसाठी अठरा आठवड्यांचं आणि ए अँड ई या तातडीच्या विभागासाठी चार तासांचं लक्ष्य काय, आणि ते का गाठलं जात नाही, यावर दोन मिनिटं बोलता यावं. ज्युनियर डॉक्टरांना सप्टेंबर २०२४ पासून रेसिडेंट डॉक्टर म्हणतात. त्यांच्या संपाबद्दल विचारलं तर डॉक्टरांचं म्हणणं आणि रुग्णांना होणारा त्रास, दोन्ही सांगून मग स्वतःचं मत. जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या योजनेतले तीन बदल लक्षात ठेवा: रुग्णालयाकडून समाजाकडे, कागदाकडून डिजिटलकडे, आजारावरील उपचारांकडून प्रतिबंधाकडे. मिड स्टॅफर्डशरच्या रुग्णालयातल्या हेळसांडीवरचा २०१३ चा फ्रान्सिस अहवाल जुना असला, तरी ‘चूक दिसली तर बोलायचं’ या प्रश्नात आजही उपयोगी पडतो.

रोज पंधरा मिनिटं बीबीसीच्या आरोग्य बातम्या पुरतात. आठवड्यातून एक बातमी निवडून जेवणाच्या टेबलावर बाजू बदलून वाद घालायचा. बाबा संपाच्या विरोधात, मुलगी बाजूने, मग उलट.

आकडेमोड

थोडक्यात आटोपते. प्रश्न असा येतो: मुलाचं वजन २० किलो, डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम. किती सिरप द्यायचं? ३०० मिलिग्रॅम हवं, म्हणजे १२.५ मिलिलिटर. पायऱ्या मोठ्याने बोलायच्या आणि शेवटी ‘अडीच चमचे, हे शक्य वाटतं’ असं पडताळून पाहायचं. उत्तर चुकलं तरी पडताळणीचे गुण मिळू शकतात. आलेखाचं स्टेशन असेल तर आधी अक्ष वाचायचे, मग कल सांगायचा, कारणांकडे सर्वांत शेवटी वळायचं.

सराव कसा, किती

फोनवर रेकॉर्ड करा आणि मुलालाच ऐकू द्या, तुम्ही टीका करू नका. घरातल्या सहा दारांवर सहा कागद चिकटवा, टायमर लावा, प्रत्येक खोलीत वेगळा माणूस बसवा. अशा दोन-तीन पूर्ण फेऱ्या पुरतात. त्याहून जास्त झालं की उत्तरं पाठ होतात आणि पाठ उत्तर परीक्षकाला पहिल्या वाक्यात कळतं. शेकडो पौंड घेणाऱ्या क्लासेसच्या जाहिराती याच काळात पाठलाग करतात. माझ्या मते त्याची गरज नाही. शाळेतले शिक्षक, एक जीपी आणि एखादा अनोळखी पण सहृदय माणूस एवढ्यांनी एकेक फेरी घेतली तर जास्त उपयोग होतो.

त्या दिवशी आणि नंतर

पासपोर्ट किंवा मागितलेलं ओळखपत्र, साधे नीटनेटके कपडे, प्रत्यक्ष असेल तर आदल्या रात्रीच त्या शहरात पोहोचणं. जानेवारीत रेल्वेचा भरवसा धरू नका. ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, घरातला फोन सायलेंट, आणि दारावर कुरियर आला तरी बेल न वाजवण्याची चिठ्ठी. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारणं कमीपणाचं नाही. विचार करायला थोडा वेळ मागणंही चालतं.

बाहेर आल्यावर ‘काय विचारलं?’ असं गाडीत बसल्याबसल्या विचारू नका. प्रश्न कुणाला सांगायचे नाहीत अशी अट बरीच विद्यापीठं घालतात, त्यामुळे ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही जाता कामा नयेत. दुसऱ्या दिवशी मुलाने वहीत स्वतःसाठी इतकंच लिहावं: कुठे अडलो, कुठल्या प्रसंगाचा उपयोग झाला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विद्यापीठाला तेच कामाला येतं.

चारही ठिकाणांहून नकार येणं इथे नवल नाही आणि चांगल्या मुलांनाही ते होतं. काही विद्यापीठं मागितल्यास स्टेशनवार गुण किंवा थोडा अभिप्राय देतात, म्हणून नकार आल्यावर नम्र ईमेल लिहून मागा. यूकासच्या अर्जात पाचव्या जागी भरलेला मेडिसिनखेरीज दुसरा कोर्स मुलाला मनापासून आवडत नसेल, तर नुसती जागा मिळतेय म्हणून तिथे ढकलू नका. गॅप इयर घेऊन केअर होममध्ये किंवा हेल्थकेअर असिस्टंट म्हणून पगारी काम करणारी मुलं पुढच्या वर्षी इंटरव्ह्यूत वेगळीच बोलतात. फक्त यूकॅटचा स्कोअर त्या एका प्रवेशवर्षापुरताच चालतो, तेव्हा जुलैत ती परीक्षा पुन्हा द्यायची तयारी ठेवा.